मुकादमी ठेवावी की सोडावी?

शास्त्रभाग : लूक ३:१०–१४ व लूक १९:१–१०



पावसाळा अर्धा सरला की आमच्या कोरडवाहू तालुक्यांत उचलीची बोलणी सुरू होतात. पाथर्डी, शेवगाव, आष्टी, पाटोदा ह्या भागांतील घराघरांत ह्या दिवसांत एकच विषय असतो : यंदा कोणत्या मुकादमाकडे, कोणत्या कारखान्यास, आणि कोयत्यामागे उचल किती. कोयता म्हणजे एक नवरा व एक बायको. माणसांस हत्याराच्या नावाने मोजण्याची ही रीत ऐकून ऐकून आमच्या कानांस खटकेनाशी झाली आहे. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत आमच्या पुष्कळ मंडळ्यांतील बाके अर्धी रिकामी असतात. नाताळाच्या दिवशी देवळात म्हातारी माणसे व शाळेकरिता मागे ठेवलेली मुले एवढीच दिसतात. हे ज्या उपदेशक बंधूंनी पाहिले आहे त्यांस अधिक सांगणे नको.

टोळीबरोबर जाणाऱ्या कोयत्यांविषयी ह्या पत्रात पूर्वीही लिहिले गेले आहे. आज आम्हांस मुकादमाविषयी लिहावयाचे आहे, कारण आता मुकादमही आमच्या मंडळ्यांत आहेत. त्यांपैकी एका बंधूने आम्हांस सरळ विचारले, “पाळकसाहेब, कमाई चांगली आहे, पण झोप लागत नाही. धंदा ठेवू की सोडू?” हा मनुष्य दुष्ट नाही. त्याने घरावर स्लॅब टाकला, मुलीस परिचारिकेच्या शिक्षणास पाठविले, आणि देवळावरील पत्रे त्याच्याच अर्पणातून आले. एका वर्षी त्याचे दोन कोयते उचल घेऊन निघून गेले, तेव्हा त्याने जमिनीचा तुकडा विकून कारखान्याची बाकी भागविली. असा मनुष्य प्रश्न करितो तेव्हा त्यास घाईने उत्तर देऊ नये.

प्रथम शास्त्रात पाहू. प्रभूच्या काळी जकात वसूल करणे हे कंत्राटी काम होते. सरकार मक्ता देई. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारात भरी. तीवर जे अधिक उकळता येई ते त्याचे. आपल्याकडे ग्रामपंचायत आठवडेबाजाराच्या वसुलीचा लिलाव करिते, त्यावरून ही रीत सहज ध्यानात येईल. असे जकातदार योहानाकडे बाप्तिस्म्यास आले व आम्ही काय करावे म्हणून पुसू लागले. वैराग्याने अरण्यात राहणारा, टोळ व रानमध खाणारा हा संदेष्टा त्यांस नाका सोडून चालते व्हा असे सांगेल, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. त्याने तसे सांगितले नाही. जेवढे ठरवून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच त्याचे म्हणणे. पुढे मत्तयास मात्र प्रभूने नाक्यावरून उठविले, आणि तो पुन्हा त्या जागी बसला नाही. मासे धरणारे शिष्य आपल्या जाळ्यांकडे परत जाऊ शकत होते; मत्तयाची जागा दुसऱ्या दिवशीच दुसऱ्याने घेतली असेल. आणि यरीहोचा जक्कय तर जकातदारांचा मुख्य. त्याने अर्धी मालमत्ता दरिद्र्यांस देण्याचे व लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. पुढे त्याने मक्ता ठेवला की टाकला ह्याविषयी लूक एक अक्षरही लिहीत नाही.

तेव्हा “ठेवा” किंवा “सोडा” असा एकच हुकूम शास्त्रातून काढून सर्वांस लावणे हे योग्य नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली ही गोष्ट आपण सारे आदराने सांगतो, आणि सांगावीच. पण कित्येक व्याख्यानांत ती अशी पुढे केली जाते की जणू पगार टाकणे हीच भक्ती. टिळकांची हाक टिळकांस होती. ज्याच्या घरी चार तोंडे आहेत व ज्याच्या शेतात बाजरीदेखील धड होत नाही, त्यास दुसऱ्याच्या हाकेवरून उठविण्याचा अधिकार पाळकास नाही.

परंतु योहानाचे उत्तर सोपे आहे असे समजून कोणी सुटकेचा श्वास सोडू नये. ठरवून दिलेले तेवढेच घ्यावे, हे म्हणावयास सोपे. त्याचा हिशेब मांडला की धंद्याचे खरे रूप उघडे पडते. तो हिशेब आपण येथे मांडून पाहू. मुकादम बंधूंनी पेन्सिल घेऊन आपले आकडे शेजारी लिहावेत.

२०२४ च्या जानेवारीत साखर कारखाने व मजुरांच्या संघटना ह्यांच्यात तडजोड होऊन तोडणीच्या दरात शेकडा ३४ ची वाढ झाली. दर टनास सुमारे ३६६ रुपये झाला, आणि मुकादमाचे कमिशन शेकडा २० ठरले. हे कमिशन कारखाना वेगळे देतो. ते मजुराच्या दामातून कापावयाचे नसते. आता समजा, एक कोयता दिवसास दोन टन ऊस तोडतो आणि १२० दिवस एकही दिवस न चुकता काम करितो. २४० टनांचे ८७,८४० रुपये झाले. त्यावर मुकादमाचे कमिशन १७,५६८ रुपये. दहा कोयत्यांची टोळी असेल तर हंगामास १,७५,६८० रुपये. चार महिन्यांच्या कामास ही कमाई आमच्या गावांच्या मानाने मोठीच. हिच्यात पाप नाही. टोळी जमविणे, गाडीची व्यवस्था पाहणे, फडावर भांडणे मिटविणे, रात्री-अपरात्री वाहनाकरिता धावणे, ह्या श्रमांचा तो दाम आहे.

पण त्याच वहीचे दुसरे पान उलटावे. समजा, त्या कोयत्याने लाख रुपये उचल घेतली होती. त्याने ८७,८४० फेडले, १२,१६० राहिले. शिवाय दर आठवड्यास पीठमिठासाठी हजार रुपये खर्ची घेतली, तिचे सतरा आठवड्यांचे १७,००० झाले. म्हणजे चार महिने पहाटेच्या थंडीत मोळ्या वाहून, आजारी न पडता, एकही खाडा न करिता ते जोडपे घरी परतले तेव्हा त्यांच्या नावावर २९,१६० रुपये देणे उरले. त्यांनी आळस केला नाही, दारू प्याली नाही, कोणास फसविले नाही. हे देणे फेडण्यास पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे प्राप्त होते. आणि मध्ये लग्न, बाळंतपण किंवा विहिरीचे काम निघाले तर उचल वाढते, व तिच्याबरोबर देणेही वाढते.

आता मुकादमाकडे पाहा. दहांतून एक कोयता हंगामाच्या आरंभीच लाख रुपये बुडवून गेला, तर नऊ कोयत्यांच्या कमिशनाचे १,५८,११२ रुपये येतात आणि त्यांतून लाख वजा होऊन ५८,११२ उरतात. दोन गेले तर घरातून भरावे लागतात. कारखान्याची किंवा गाडीमालकाची रक्कम त्याच्या सहीवर आलेली असते. ते त्यासच धरतात. ही भीती खरी आहे. जे कोयते दोन मुकादमांकडून उचल घेऊन एकासही तोंड दाखवीत नाहीत, त्यांचे हे करणे चोरी आहे असे आम्ही स्पष्ट सांगतो. गरिबीने ती चोरी धुऊन निघत नाही.

ह्या भीतीपोटी मुकादम काय करितो? तो बाकीवर व्याज लावतो. कोऱ्या मुद्रांकावर अंगठा घेतो. बाई तापाने पडली तर खाड्याचे पैसे कापतो, म्हणजे जो दिवस कमाईचा गेला तोच दिवस कर्जातही मांडतो. बंधूंनो, ठरवून दिलेल्याहून अधिक ते हेच. योहानाने जकातदारांस ज्या रेषेवर उभे राहा म्हणून सांगितले, ती रेषा ह्या वहीत शेकडा २० ची आहे. व्याज तिच्या पलीकडे आहे. खाडा तिच्या पलीकडे आहे.

आणि खाड्याचा भार कोणावर पडतो हे पाहावयाचे असेल तर कोपीतील बाईस विचारावे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीच्या बायांची सरकारी समितीने चौकशी केली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक बायांचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढले गेल्याचे पुढे आले. त्यांत दवाखान्यांचा लोभ होता, चुकीचा सल्ला होता, फडावर पाण्याची व आडोशाची सोय नसणे हेही होते. परंतु मासिक पाळीचे चार दिवस काम बुडते, खाडा पडतो, ही धास्तीही त्या बायांच्या तोंडून चौकशीत ऐकावयास मिळाली. ज्या वहीत असा खाडा लिहिला जातो, ती वही धरणारा हात प्रभुभोजनाच्या प्याल्यासही लागतो. त्याच रांगेत ती बाईही उभी असते.

निर्गमाच्या पाचव्या अध्यायात इस्राएलांवर इस्राएलांतूनच नेमलेले नायक आहेत. फारोच्या विटांचा आकडा भरला नाही म्हणजे मार प्रथम त्यांच्या पाठीवर पडे, आणि तो चुकविण्यास ते आपल्याच भाऊबंदांस हाकीत. मुकादमीचे चित्र ह्याहून जवळचे आम्हांस शास्त्रात आढळत नाही. वरून कारखाना, खालून टोळी, मध्ये तो. मात्र ते नायक एक गोष्ट करितात ती ध्यानात घ्यावी : ते फारोपुढे जाऊन, तुझ्या चाकरांस पेंढा मिळत नाही, दोष तुझ्याच लोकांचा आहे, असे तोंडावर सांगतात. पुढे ते मोशेवर चिडतात हेही खरे. तथापि एकदा तरी त्यांनी आकडा वरच्याकडे परत नेला. आमच्या किती मुकादमांनी फडावर पाण्याचा टँकर, कोप्यांस दिवा, वजनाची पावती ह्यांसाठी कारखान्याच्या कचेरीत असे तोंड उघडले आहे?

येथे आमचा बंधू म्हणतो, “मी सोडले तर माझ्या जागी याहून कठोर माणूस येईल.” हे म्हणणे अर्धे खरे आहे. भला मुकादम टोळीस आशीर्वाद असतो. बाळंतीण बाईस मध्यरात्री दवाखान्यात नेणारा तोच असतो. पण हे वाक्य प्रत्येक नाक्यावर प्रत्येक जकातदाराने म्हटले असेल. त्याची परीक्षा मुकादमाच्या तोंडून होत नाही. त्याने घरी बसून मी बरा आहे असे ठरवू नये. टोळीतील दोघा-तिघांस, त्यांत बाया असाव्यात, उपदेशकासमक्ष बसवून विचारावे, आणि विचारताना उचलीची वही पेटीत बंद ठेवावी, म्हणजे त्यांस खरे बोलता येईल.

आमचे मत असे आहे. ज्यास हा प्रश्न पडला आहे त्याने यंदाचा एक हंगाम वही उघडी ठेवून चालवून पाहावा. प्रत्येक कोयत्याच्या हाती त्याच्या हिशेबाची नक्कल द्यावी आणि शाळेत जाणाऱ्या पोरास ती मोठ्याने वाचावयास लावावी. बाकीवर व्याज नाही. आजार, पाळी, बाळंतपण ह्यांस खाडा नाही. कोरा कागद नाही. उचल इतकीच द्यावी की एका हंगामात ती फिटेल. वरच्या हिशेबावरून, रोजचा खर्च धरून, ती सत्तर हजारांच्या फार वर जाऊ नये हे उघड आहे. लोक जास्त मागतील, आणि दुसरा मुकादम जास्त देईल. काही कोयते त्याकडे जातील. टोळी दहाची सहा झाली तर सहाचे कमिशन घरी आणावे. एवढे करून चूल पेटत असेल, तर मुकादमी खुशाल ठेवावी. ते प्रामाणिक काम आहे, आणि त्याविषयी मंडळीत कोणी नाक मुरडू नये.

पण असे केल्यावर जर धंदा तोट्यात जात असेल, तर त्याचा अर्थ हा की आजवर घर कमिशनावर चालत नव्हते. ते त्या पलीकडच्या पैशावर चालत होते. तेव्हा काम कितीही दामाचे असो, ते सोडावे. शेळ्या, पिठाची गिरणी, तालुक्याच्या गावी रोजंदारी, ह्यांत निम्मेही मिळणार नाही हे आम्ही जाणतो. मुलीच्या शिक्षणाचे एक वर्ष अडेल. हे दुःख लहान नाही, आणि अशा घरास मंडळीने तोंडाने आशीर्वाद देऊन वाटेस लावू नये. ज्याच्या पैशाने पत्रे आले त्याच्या मुलीची एक वर्षाची फी उचलणे मंडळीस शक्य असते.

सोडण्यातही एक मोठा धोका आहे, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मुकादमी सोडणारा मनुष्य बहुधा आपल्या बाक्या दुसऱ्या मुकादमास देतो. तो रोख भरितो आणि कोयते त्याचे होतात. व्यवहारात ह्यास बाकी फिरविणे म्हणतील, पण फिरली ती माणसे. आमच्या वाडवडिलांस गावकामगारांकडे वेठीस जावे लागे. १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ गाववतने रद्द झाली तेव्हा आमच्या वस्त्यांतून केवढा आनंद झाला हे म्हाताऱ्यांकडून आम्ही ऐकले आहे. त्यांच्याच नातवांनी त्यांच्याच दुसऱ्या नातवांस कर्जाच्या कागदासह हस्तांतर करावे, आणि मग शुद्ध मनाने मी धंदा सोडला अशी साक्ष द्यावी, हे भयंकर आहे. कर्जापोटी मनुष्यास कामास बांधणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा बांधणीचे कर्ज फेडण्याचे बंधनही तो कायदा उठवितो. पण कायदा नसता तरी जक्कय होता. त्याच्या घरी तारण आले असे प्रभूने म्हटले, ते त्याने धंदा टाकला म्हणून नव्हे. ज्यांचे घेतले त्यांस तो परत देऊ लागला तेव्हा. मोशेच्या नियमशास्त्रात आपणहून कबूल करणाऱ्यास मूळ रक्कम व तिचा पंचमांश एवढेच भरावे लागे. शेकडा वीसच. जक्कय चौपटीवर गेला.

म्हणून ठेवू की सोडू ह्याच्या आधी, जुन्या बाकीचे काय, हे विचारावे. त्या बंधूस आम्ही हेच सांगितले. त्याच्या वहीत अकरा कोयत्यांच्या बाक्या आहेत. त्यांतील व्याज किती, खाडे किती, आणि खरी उचल किती, हे वेगळे काढावयास तो व मंडळीचे दोन वडील बसले आहेत. व्याज व खाडे तर जातीलच. काही कोयत्यांचे उलट मुकादमाकडेच निघते असेही दिसू लागले आहे. नहेम्याने यरुशलेमातील सावकारांकडून शेते, द्राक्षमळे व घरे त्याच दिवशी परत करविली, आणि स्वतः बारा वर्षे सुभेदाराचा भत्ता घेतला नाही, हा पाचवा अध्याय त्यांनी आरंभी वाचला. आमच्या बंधूने अजून शेवटचा निर्णय केलेला नाही. त्याची बायको म्हणते, “वही निवळू द्या, मग बोला,” आणि ते शहाणपणाचे आहे असे आम्हांस वाटते.

उपदेशक बंधूंस दोन शब्द. तुम्हांपैकी कित्येकांचे मानधन तुटपुंजे आहे आणि मंडळीत मुकादमाचे अर्पण सर्वांत जड असते, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून याकोबाच्या पाचव्या अध्यायावर, जेथे कापणी करणाऱ्यांची अडकविलेली मजुरी सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षे उपदेश होत नाही. येत्या महिन्यात, उचली वाटून संपण्याच्या आत, तो भाग वाचावा. मुकादम समोर बसलेला असावा, मागून त्याच्याविषयी बोलू नये. कोणाच्या घरी कोरे मुद्रांक, आधारपत्रे किंवा शिधापत्रिका अडकवून ठेवल्या असतील, तर त्या उपासना सुटल्यावर देवळाच्या ओसरीवर ज्याच्या त्याच्या हाती द्याव्यात.

आणि टोळ्या निघण्यापूर्वी कोणते कुटुंब सांगली, कोल्हापूर, सातारा की कर्नाटकात, कोणत्या कारखान्याच्या कोणत्या गटास जाते, कोप्या कोणत्या गावाजवळ पडतात, हे एका वहीत लिहून आमच्याकडे पाठवावे. त्या बाजूच्या मंडळ्यांस कळविता येईल, आणि नाताळाच्या आठवड्यात प्रभुभोजनाची सेवा फडावर नेता येईल. वेळ रात्री आठनंतरची धरावी, कारण त्याआधी गाडी भरून होत नाही.